समेआधी उठायचं नाही

सम आलीच नाही तर काय होतं?

हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला तेव्हा आठ वर्षांचा होतो. ताईच्या गुरुजींना विचारला. ते म्हणाले, "तो पानाचा डबा दे." बाबांना विचारला, त्यांनी तेराचा पाढा म्हणायला बसवलं. आई म्हणाली, "भरल्या घरात असलं काही विचारू नये." आणि ताई नुसती हसली. "तू मोजत राहा ना, मन्या." आता हे काय उत्तर झालं?

ज्यांना गाण्यातलं कळत नाही त्यांना सांगतो, सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. तीनतालात सोळा मात्रा असतात. सोळा मोजून झाल्या की परत एक येतो, तीच सम. गाणारा मधे कुठेही फिरून येऊ दे, तिथे त्याने आणि तबल्याने एकत्र पोचायचं. पोचले की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. बस, एवढंच. मी दहावीला दोनदा नापास आहे, तरी मला समजलं.

ताईला जाऊन आज एकवीस दिवस झाले. तेराव्याला सगळे क्लासवाले आले होते. कुणाला काय बोलावं सुचेना, तेव्हा एकाने एक किस्सा सांगितला, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. तेव्हापासून ते वाढतच चाललेत. रोज कुणाचा तरी फोन येतो, "मन्या, ते आठवतं का रे?" मी एसी दुरुस्त करणारा माणूस, लिहिणं माझं काम नाही. पण लोक चुकीचं सांगायला लागले. क्लासमधल्या चोप्रा आंटींच्या किश्शात आता तीन माकडं झाली आहेत. माकड एकच होतं. म्हणून म्हटलं, आपणच लिहून टाकू.

* * *

ताईचा क्लास आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये भरायचा. दिल्लीत, सरोजिनी नगर, दुसरा मजला. बाबा मिनिस्ट्रीत होते. पुढच्या खोलीत सतरंजी, कोपऱ्यात इलेक्ट्रॉनिक तानपुरा, भिंतीला टेकून तबला. मुलं यायची, मुलांच्या आया यायच्या, आणि रिटायर झालेले कुलकर्णीकाका यायचे.

क्लासचा नियम एकच. समेआधी उठायचं नाही. बेल वाजू दे, फोन वाजू दे, चालू आवर्तन पुरं करायचं, समेवर यायचं, मग उठायचं. ताई म्हणायची, "अर्ध्यात सोडून उठलं की त्या दिवसाचं सगळं गाणं वाया जातं."

एकदा आई स्वतः क्लासमध्ये बसली होती. आत कुकरवर डाळ होती. तीन शिट्ट्या झाल्या, चार झाल्या. आई उठायला लागली तर ताईने गाता गाता हाताने खाली बसवलं. विलंबित चाललं होतं. विलंबित म्हणजे इतकं सावकाश, की एका आवर्तनात माणूस मार्केटमधून धणेपूड घेऊन परत येईल. सम आली. आई धावली. डाळ काळी ठिक्कर.

जेवताना बाबांनी तोंडात घास घातला, थांबले आणि म्हणाले, "आज कोणता राग होता?"

* * *

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

ताई सात वर्षांची असताना तिला ताप आला होता. सांधे सुजले होते. त्या तापात हृदयाची एक झडप खराब झाली. घरात सगळ्यांना माहीत होतं, पण मोठ्याने कुणी बोलत नसे. ती दोन जिने चढली की पायरीवर बसायची, ओठ निळसर व्हायचे. पाणी प्यायची, आत यायची आणि तासभर गायची. ऑपरेशन करावं लागणार हे ठरलेलं होतं. कधी, हे ती ठरू देत नव्हती.

लोकांना तिचं गाणं ऐकू यायचं. मला नाही. मी तबल्यावर बसून प्रत्येक आवर्तनात एकच बघायचो, हिचा श्वास समेपर्यंत पुरतोय का. अकरा, बारा, तेरा. तिच्या गळ्यावरची शीर फुगली की मी माझा श्वास धरून ठेवायचो. सम आली की मी पण श्वास घ्यायचो. आणि लगेच पुढचं आवर्तन सुरू.

* * *

तबल्यावर मी कसा आलो, तो पण किस्साच आहे. क्लासमध्ये तबल्याचं मशीन होतं. एका मे महिन्यात ते बंद पडलं. मी उघडलं, दुरुस्त करायला गेलो आणि कायमचं बंद केलं. ताई म्हणाली, "आता मशीनच्या जागी तू बस." मला तीनतालाचा साधा ठेका येत होता, बाकी काही नाही. अजूनही नाही.

माझ्यात आणि मशीनमध्ये एक फरक होता. मशीनला भीती वाटायची नाही. मला भीती वाटली की माझी लय चढते. हात आपोआप पळायला लागतात. मला समजतही नाही.

एकदा मी हॉस्पिटलमधून तिचा रिपोर्ट घेऊन आलो. त्यातलं इंग्लिश मला कळलं नाही, पण रिपोर्ट देणाऱ्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते कळलं. मी तो कुणालाही न दाखवता तबल्याच्या गवसणीत खाली घालून ठेवला आणि क्लासमध्ये येऊन बसलो. अगदी नॉर्मल चेहरा. ठेका सुरू केला.

दुसऱ्याच आवर्तनाला ताईने गाणं थांबवलं नाही, फक्त समेवर आली आणि मुलांना म्हणाली, "चला, पाच मिनिटं पाणी पिऊन या." मुलं गेल्यावर माझ्याकडे हात केला.

"दे."

"काय?"

"रिपोर्ट. लय चढलीय तुझी."

* * *

माकडाचा किस्सा असा. खरा असा.

ताई चोप्रा आंटींना भूप शिकवत होती. भूपात पाचच स्वर. सा, रे, ग, प, ध. म आणि नी वर्ज्य, म्हणजे घ्यायचेच नाहीत. चोप्रा आंटींची पंचाईत अशी, की त्यांचा गळा ग वरून प कडे जाताना हटकून म वर टेकायचा. ताई सांगून सांगून थकली. "आंटीजी, म और नी को इस घर में न्योता नहीं है। दरवाज़े पर खड़े हों तो भी अंदर मत लीजिए।" आंटी म्हणायच्या, "बेटा, मैं तो नहीं बुलाती, वो खुद आ जाता है।"

त्या दिवशी बाल्कनीचं दार उघडं राहिलं. आंटी डोळे मिटून गात होत्या. एक मोठं माकड आत आलं, सतरंजीवर चालत आंटींच्या समोर आलं आणि बसलं. मुलांची वाचा बसली. मी हातोडी उचलली, ताईने मान हलवून ठेवायला लावली. माकडाने दात दाखवले. मुलं ताईकडे बघतायत, ताई टाळी देतेय. पाच, सहा, सात.

नवव्या मात्रेला आंटींनी डोळे उघडले. जी किंकाळी फोडली ती खालच्या गार्डने ऐकली. माकड आल्या वाटेने पळालं. खोलीत एकदम शांतता. फक्त तानपुरा चालू आणि माझा ठेका चालू, कारण सम अजून आली नव्हती.

सम आली. ताई म्हणाली, "आंटीजी, म लग गया।"

* * *

कुलकर्णीकाकांचं दुखणं वेगळं होतं. त्यांना वाटायचं मोठे गवई ज्या पट्टीत गातात त्याच पट्टीत आपणही गायला हवं. वरच्या सा ला पोचताना मान अशी ताणायचे, की मला त्यांचीही काळजी वाटायची.

ताई त्यांना म्हणाली, "काका, सा प्रत्येकाचा वेगळा असतो. जिथून तुम्हाला वरही जाता येतं आणि खालीही, तो तुमचा सा. त्यात लहानमोठं काही नसतं."

काकांनी सगळी नोकरी सरकारी क्वार्टर वाटणाऱ्या इस्टेट ऑफिसमध्ये काढलेली. थोडा विचार करून म्हणाले, "म्हणजे सा हा क्वार्टर आहे. ज्याला जो अलॉट झाला त्याने त्यातच संसार करायचा."

सगळा क्लास हसला. ताई पण हसली. मी नाही हसलो. कारण मला एक गोष्ट माहीत होती जी क्लासला माहीत नव्हती.

ताईचा सा पेटीच्या काळी पाच पट्टीचा होता. माझा तबला त्याच सुरात लावलेला असायचा. एके दिवशी तबला लागेना, तेव्हा लक्षात आलं की तिने गुपचूप तानपुरा पांढरी सहाला आणलाय. मी तबला उतरवला. सहा महिन्यांनी काळी चार. मग पांढरी पाच. तेव्हा माझा तबला इतका उतरेना, मोठ्या तोंडाचा दुसरा आणावा लागला. प्रत्येक वेळी ती एक एक पट्टी खाली येत होती, कारण वरचं आता श्वासाला झेपत नव्हतं.

तिने मला एवढंच विचारलं, "नवीन तबला कशाला रे?"

मी म्हणालो, "जुन्याची शाई उडाली."

"हो का," ती म्हणाली. आणि काकांकडे वळून, "काका, मी पण क्वार्टर बदलतेय बरं का. खालच्या टाइपचा घेतलाय. मेंटेनन्स कमी लागतो."

काकांना वाटलं, ती गंमत करतेय.

* * *

दिल्लीला भूकंप नवीन नाही. पण क्लास चालू असताना आलेला तो एकच.

संध्याकाळचे साडेपाच. मुलं एकत्र बंदिश म्हणत होती. पंखा डोलायला लागला. आधी मला वाटलं आपल्यालाच चक्कर येतेय. मग कपाटातल्या वाट्या वाजल्या. खाली कुणीतरी ओरडलं, "भूकंप, भूकंप, बाहर निकलो।"

आता कुठल्याही घरात लोक काय करतील? पळतील. आमच्याकडे अकरा माणसं सतरंजीवर बसून ताईकडे बघत होती. ताई माझ्याकडे बघत होती. पाचवी मात्रा चालू होती. तिने डोळ्यांनीच सांगितलं, पुरं कर.

माझे हात पळाले. काय वाजवलं देवाला ठाऊक. डोळ्यांसमोर एकच, दोन जिने आणि ताई. समेवर धा मारला आणि ओरडलो, "उठा." सगळे उठले आणि एका मिनिटात खाली.

सगळे म्हणजे ताई सोडून. मी परत वर गेलो तर ती पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर बसलेली, भिंतीला टेकून. बोलता येत नव्हतं. मी तिला उचलायला गेलो तर हात झटकला. दोन बोटं दाखवली, दोन मिनिटं थांब. इमारत हलत असताना मी त्या पायरीवर तिच्याशेजारी बसलो. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. एकदा सोडून.

खाली पार्कमध्ये सगळी कॉलनी जमली होती. कुणी टॉवेलवर, कुणी हातात पोळी घेऊन. ताई बाकावर बसली, श्वास परत आला, आणि पहिलं वाक्य काय, तर, "बाराच वाजवल्यास तू. चार मात्रा खाल्ल्यास."

"ताई, भूकंप होता."

"मग? भूकंपात तीनताल बारा मात्रांचा होतो?"

आणि तिने सगळ्या कॉलनीसमोर मला हाताने पूर्ण सोळा मात्रा मोजायला लावल्या. टाळी, टाळी, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी न वाजवता तळहात वर करायचा, मग परत टाळी. मी मोजत होतो, क्लासची मुलं माझ्याबरोबर मोजत होती आणि टॉवेलवाले शर्माजी बायकोला विचारत होते, "ये कोई पूजा है क्या?"

* * *

एक किस्सा मला सांगायचा नव्हता. पण चोप्रा आंटी सांगणारच, तर मीच सांगतो.

डॉक्टर म्हणाले होते, आता ऑपरेशन लांबवू नका. ताई म्हणाली, मुलांची गाण्याची परीक्षा झाली की. मी खूप समजावलं. मग माझं डोकं फिरलं. एका सकाळी ती आंघोळीला गेल्यावर मी तिच्या फोनवरून सगळ्यांना कळवलं, क्लास बंद. आणि पुढच्या खोलीला बाहेरून कुलूप घातलं. किल्ली खिशात घालून कामावर गेलो, फरिदाबादला. तिथे एका ऑफिसचे आठ एसी होते.

संध्याकाळी परत आलो तर जिन्यात मुलं बसलेली. पहिल्या मजल्यापासून आमच्या दारापर्यंत, प्रत्येक पायरीवर एक. वर चोप्रा आंटी, त्यांच्यावर कुलकर्णीकाका. आणि सगळ्यात वरच्या पायरीवर ताई, मांडीवर टाळी देत शिकवत होती.

मला वाटलं ती ओरडेल. ती समेवर आली, मग म्हणाली, "तुझी भीती तुझ्याजवळ ठेव, मन्या. ती मोठी आहे, मला माहितीये. पण माझ्या लयीत आणू नकोस."

मी किल्ली काढली. कुलूप उघडलं. आत गेल्यावर काका एवढंच म्हणाले, "बेदखली रद्द."

मुलांची परीक्षा झाली. सगळी पास झाली. ऑपरेशनची तारीख मिळाली. त्या तारखेला आठ दिवस उरले होते.

* * *

हा शेवटचा.

ऑपरेशनच्या तारखेआधीच श्वास पुरेना म्हणून ताईला दाखल करावं लागलं, त्याचा तिसरा दिवस होता. दुपारी भेटायची वेळ. आई-बाबा चहा प्यायला खाली गेले होते, मीच पाठवलं होतं. ताईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. बोलायला मनाई. मी स्टुलावर बसलो होतो. शेजारी मशीनवर आकडे बदलत होते, आणि मला त्यांचा अर्थ कळत नव्हता याचं बरं वाटत होतं.

तिने माझं मनगट ओढलं आणि त्यावर टाळी द्यायला लागली. तीनताल. मध्य लय, क्लासच्या पहिल्या दिवशी मुलांना देते ती. मी मनात मोजायला लागलो. मास्कच्या आत तिचे ओठ हलत होते. भूप असावा, मला ऐकू येत नव्हतं.

पहिलं आवर्तन पूर्ण झालं. सम आली. तिने भुवया वर केल्या, म्हणजे बघ, आली की नाही.

दुसरं पूर्ण झालं. ते जरा ओढत आलं, पण आलं.

तिसऱ्यात एकला टाळी दिली. पाचला टाळी दिली. नऊला खाली दाखवायची म्हणून तळहात वर केला. मी दहा म्हणणार होतो.

मग मशीन वाजलं. लोक धावत आले. मला पडद्याबाहेर ढकललं. मी पडद्याबाहेर उभा होतो, तो वेळ किती होता मला माहीत नाही, कारण मी मोजत नव्हतो. डॉक्टर बाहेर आले, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढे गेले.

मी आत गेलो. सिस्टर मास्क काढत होती. ताईचा हात पलंगाच्या कडेला तसाच होता, तळवा वर. मी स्टूल ओढून बसलो आणि तो हात हातात घेतला.

सिस्टर म्हणाली, "भैया, अब आप बाहर जाइए।"

मी म्हणालो, "सिस्टर, सात बाकी हैं।"

तिला काही समजलं नसेल. पण ती एक पाऊल मागे सरकून उभी राहिली.

मी ताईच्या तळहातावर मोजलं. दहा. अकरा. बारा. तेराला टाळी. चौदा. पंधरा. सोळा. एकही खाल्ली नाही. लय चढू दिली नाही.

सम आली. मग उठलो.